पर्सनली नोन टू मी

"आपण आज पहिल्यांदाच भेटतोय ना? किती वाजलेत?"

सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी घड्याळ पाहून साडेअकरा म्हणून सांगितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली, तिच्यात माझं नाव, तारीख आणि वेळ लिहिली, वही परत खिशात ठेवली आणि मगच खुर्चीवर बसले. नवीन मुख्याध्यापक रुजू व्हायला आला की आधी हजेरीपटावर सही करतो, मग पंखा वाढवायला सांगतो आणि मग चहा मागवतो, अशी आमच्या शाळेची रीत. यांनी आधी क्लार्कची नोंद केली. माझ्याविषयी वरून काहीतरी कळलं असणार असं मला वाटलं आणि पुढचे दोन आठवडे मी रोज वेळेवर आलो.

मी त्या शाळेत क्लार्क. क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे माझं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. शाळा दिघीच्या जेट्टीपासून सायकलने वीस मिनिटांवर. एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला भातशेतीची वाडी. दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसायची आणि डबा उघडला की भांडायची. सर मूळचे तळा तालुक्यातले, भातशेतीवाल्या घरातले. जेट्टीजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने आईकडे जायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं, तर म्हणायचे, "इतकी खात्री मला कधी कशाचीच झाली नाही."

वहीचं रहस्य पंधरा दिवसांनी कळलं.

चारित्र्याच्या दाखल्यावर एक इंग्रजी वाक्य असतं. अमुक अमुक इसम 'पर्सनली नोन टू मी', म्हणजे मी त्याला व्यक्तिशः ओळखतो, आणि त्याचं वर्तन चांगलं आहे. हे वाक्य इतक्या ठिकाणी इतक्या लोकांनी लिहिलेलं असतं की त्याला काही अर्थ असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांना तर मुळीच येत नव्हती. ते मोकळ्या स्वभावाचे होते. जूनमध्ये शाळा उघडली की मी छापील कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचो. ते डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्या हाताने सह्या करत सुटायचे. शेवटच्या सह्यांपर्यंत चहा संपलेला असायचा आणि सहीतलं आडनावही. मी खाली गोल शिक्के मारून ठेवायचो. मग वर्षभर जो येईल त्याचं नाव भरायचं, तारीख टाकायची, जावक क्रमांक द्यायचा. लोकांचा खोळंबा नाही, साहेबांना त्रास नाही आणि मला गावात थोडा मान. या पद्धतीत मला कधी काही खुपलं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा उरलेला गठ्ठा माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये तसाच राहिला.

नव्या सरांपुढे मी पहिला दाखला नेला तो कोळीवाड्यातल्या एका तरुणाचा. बंदरात नोकरी लागत होती त्याला. सरांनी पेन उघडलं, वाक्य वाचलं आणि पेन बंद केलं.

"भाऊसाहेब, याला मी ओळखतो का?"

"मी ओळखतो सर. चांगला पोरगा आहे."

"मग इथे 'नोन टू भाऊसाहेब' लिहा."

"तसं चालत नाही सर."

"मग मला ओळख करून घेतली पाहिजे," सर म्हणाले. कुणाला कधीपासून ओळखतो, ते त्या वहीत असायचं. त्यांनी तरुणाचं नाव आणि वेळ तिच्यात लिहिली आणि त्याला विचारलं, "उद्या काय करणार आहात?"

तो म्हणाला, बोटीवर जाणार. सर म्हणाले, मीही येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर बंद गळ्याचा स्वेटर घालून आणि छत्री घेऊन बोटीवर चढले. दुपारी उतरले तेव्हा दोघांनी त्यांना धरलं होतं. त्यांनी लिहिलेल्या दाखल्याची प्रत मी जावक रजिस्टरला लावून ठेवली आहे. इंग्रजी अगदी साधं. मराठीत सांगायचं तर असं : 'यांना मी समुद्रावर सहा तास पाहिलं आहे. त्या वेळात माझी तब्येत बरी नव्हती. यांनी आपलं काम न थांबवता माझ्याकडेही लक्ष दिलं. तेवढ्यावरून यांचं वर्तन चांगलं आहे.' तरुणाला नोकरी लागली. बंदरातल्या साहेबाने तो दाखला चौघांना वाचून दाखवला असं ऐकलं. का वाचून दाखवला, ते मी विचारलं नाही.

संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला मात्र ही पद्धत मानवली नाही. अध्यक्षांचा फोन आला, पाठोपाठ पुतण्या, पाठोपाठ पुतण्याची गाडी, कारण गाडी आधी फाटकात अडकली होती. सरांनी त्याला समोर बसवलं, चहा मागवला आणि गप्पा मारल्या. त्या वेळात पुतण्याने सात वेळा फोन घेतला. दाखल्यात सरांनी लिहिलं, 'पर्सनली नोन टू मी फॉर द लास्ट फॉर्टी मिनिट्स', आणि वर्तनाच्या जागी लिहिलं की एवढ्या वेळात काही गैर आढळलं नाही.

अध्यक्ष संतापले. "चाळीस मिनिटं? अहो, आमचं घराणं सगळा तालुका ओळखतो!"

"तालुक्याला माझ्याकडे पाठवा," सर नम्रपणे म्हणाले, "मी त्यांचा दाखला घेतो."

या माणसाला खोचक बोलायचं नसे, हीच पंचाईत. दर शब्द ते मनापासून बोलायचे. शिक्षण विभागाला पत्र लिहिताना सुरुवातीला इंग्रजीत, आपण बरे असाल अशी आशा करतो, असं लिहायची पद्धत. सर आधी फोन करून तिथल्या बाईंची चौकशी करायचे. त्यांचा गुडघा दुखत होता. मग पत्रात 'आशा करतो' ऐवजी 'गुडघा आता बरा आहे हे ऐकून आनंद झाला' असं जायचं. त्या पत्राला उत्तर दोन दिवसांत यायचं. त्यांच्या आधी आमच्या पत्रांना उत्तरच यायचं नाही, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं.

त्यांना येऊन चार वर्षं झाली त्या वर्षी प्रणालीचं प्रकरण झालं. ते आठवलं की माझ्या छातीवरून अजूनही काहीतरी उतरल्यासारखं वाटतं.

प्रणाली ही कोळीवाड्यातल्या हिराबाईंची मुलगी. हिराबाई सुक्या मासळीचा धंदा करतात. नवरा नाही. मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झाली, पनवेलला नर्सिंग शिकली, तिथेच एका खासगी दवाखान्यात नोकरीला होती. तिची निवड आखातातल्या मोठ्या हॉस्पिटलात झाली. दोन मुलाखती पार पडल्या, मेडिकल झालं, सगळे कागद जमले. एकच राहिला होता : शिकलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा चारित्र्याचा दाखला. तो गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर चढवायचा होता. नाही चढला तर यादीतला पुढचा नंबर लागणार होता. मायलेकी शाळेत आल्या सोमवारी.

एजंटाने दिलेल्या छापील नमुन्यात सगळं तयार होतं. 'पर्सनली नोन टू मी फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स.' फक्त सही हवी होती.

सरांनी नमुना वाचला. "मी इथे येऊन चार वर्षं झाली," ते म्हणाले. "आणि तुम्हाला मी आज पाहतोय. किती वाजलेत?"

"सर, मी याच शाळेत शिकलेय," प्रणाली म्हणाली. "गावात सगळे ओळखतात मला."

"ते बरोबर आहे. पण सही मी करणार."

हिराबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, आमची पोर विमानात बसायची हाय, नि ह्ये सर घड्याळ बघतात!"

"हिराबाई, सरांची पद्धत आहे," मी म्हणालो. खरं तर मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला होता.

"गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत," सर म्हणाले. "मी आज संध्याकाळी येतो. चालेल ना?"

"या की," हिराबाई म्हणाल्या. "चा देईन. सही देणार का?"

"ओळख झाली तर देईन."

सर गेले. ओट्यावर बसून काळा चहा प्यायले. हिराबाईंचं मासळी वाळवायचं खळं घरापुढेच. जवळा वाळत घातलेला, वर कावळ्यांसाठी जाळी. सर जवळ्याच्या वासाने तीनदा शिंकले आणि तिन्ही वेळा क्षमा मागितली. नोकरी सोडून आल्यापासून प्रणाली कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघायची, सुई द्यायची, आणि धर्मातात्या नावाच्या एका म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करायची. तात्यांना साखर होती. पायाला काचेचा तुकडा लागून झालेली जखम दोन महिने भरत नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की रोज ड्रेसिंग झालं नाही तर बोट काढावं लागेल. सर सोमवारी प्रणालीच्या मागून गेले, मंगळवारीही गेले, बुधवारी शाळेआधीही गेले, छत्री घेऊन तात्यांच्या दारात उभे राहिले. लोकांना वाटलं, प्रणालीला कुणीतरी सरकारी बॉडीगार्ड दिलाय.

बुधवारी शाळा सुटता सुटता सर ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. ते कधी माझ्यासमोर बसत नसत.

"भाऊसाहेब, एक अडचण आहे. ती मुलगी खोटं बोलते."

"काय खोटं बोलली?"

"रोज एकच. तात्या ड्रेसिंगला पाय पुढे करत नाहीत, दुखतं म्हणून. मग ती म्हणते, 'तात्या, आजचं शेवटचं.' तात्या पाय देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणते, आजचं शेवटचं. मी तीन दिवस ऐकलं."

"सर, ते काय खोटं झालं?"

"मग खरं आहे का?"

सर उठले. "दाखल्यात 'गुड मॉरल कॅरॅक्टर' लिहायचंय. मी रात्रभर विचार करतो," म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

या माणसाचा विचार कुठे जातो ते मला चार वर्षांत कळलं होतं. मग मी खालचा ड्रॉवर उघडला. आधीच्या साहेबांची सही, गोल शिक्का, सगळं जागेवर होतं. मी एक कोरा दाखला घेतला, वळणदार अक्षरात प्रणालीचं नाव भरलं, पाच वर्षं लिहिली, तारीख टाकली, घडी घातली आणि पाकिटात ठेवला. हात थरथरला असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं काही झालं नाही. हे काम मी इतकी वर्षं केलं होतं की हात आपसूक चालला. एका मुलीचं भलं होतंय, एवढाच विचार होता.

गुरुवारी दहाला मायलेकी व्हरांड्यात हजर. सर अजून आले नव्हते. मी पाकीट दाखवलं आणि काय ते हळू आवाजात सांगितलं. प्रणालीने कागद उघडून सही पाहिली.

"हे आधीचे सर मला प्रमिला म्हणायचे," ती म्हणाली. "दहावीच्या निरोपसमारंभातसुद्धा."

तेवढ्यात फाटकातून छत्री आत येताना दिसली. सरांनी प्रणालीच्या हातात एक कागद दिला. शाळेच्या लेटरहेडवर हाताने लिहिलेला, पूर्ण पान भरून. छापील नमुना मागे टाचणीने लावलेला, पाच वर्षं खोडलेली. मी तिच्या खांद्यावरून वाचला. मराठीत सांगतो :

'या मला गेल्या तीन दिवसांपासून व्यक्तिशः माहीत आहेत. या काळात यांनी सोळा रुग्ण पाहिले, एकाकडूनही काही घेतलं नाही, चहाशिवाय. यांचा हात हलका आहे. यांना राग येतो, तो रुग्णाच्या नातेवाइकांचा येतो, रुग्णाचा येत नाही. या एका रुग्णाशी रोज एक खोटं बोलतात. ते मी स्वतः ऐकलं आहे. त्या खोट्यामुळे रुग्ण पाय पुढे करतो. जखम सोमवारी जेवढी होती त्यापेक्षा आज लहान आहे, हेही मी स्वतः पाहिलं आहे. एवढ्या माहितीवरून यांचं वर्तन चांगलं आहे, असं मी प्रमाणित करतो.'

"जमेल तेवढं लिहिलंय," सर म्हणाले आणि वर्गावर गेले.

माझं डोकं फिरलं. "खोटं बोलते असं लिहिलंय! हे चढवलंत तर तिकडचे हसतील, नाहीतर नाव कापतील. हिराबाई, हा जुना दाखला घ्या."

प्रणालीच्या दोन्ही हातांत दोन कागद. ती घाबरली होती. "आई, तू सांग. एकच चान्स आहे. मिस्टेक झाली तर सगळं गेलं."

हिराबाईंना वाचता येत नाही. त्यांनी दोन्ही कागदांकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. मग मला म्हणाल्या, "ह्या सरानं माझ्या वट्यावर बसून तीन दिस चा पिली. शिंका आल्या तरी उठला न्हाय. दुसऱ्यानं माझं दार तरी बघितलं व्हतं का?"

"नाही, पण—"

"मग त्याला काय ठावं माझी पोर कशी हाय? ज्यानं चा पिली त्याचाच कागुद लाव."

मी सरांचा कागद स्कॅन करून दिला. पोर्टलवर 'किती वर्षं ओळखता' याच्या खाली दिवसांचा पर्यायच नव्हता. प्रणालीने 'एक वर्षापेक्षा कमी' निवडलं. चार वाजून दहा मिनिटांनी कागद चढला. जुना दाखला मी ड्रॉवरमध्ये परत ठेवला. फाडला नाही. सरांचा नाकारला गेला तर एजंटाच्या पाया पडून हा देता येईल, असा माझा हिशेब होता.

पुढचे आठ दिवस काहीच कळलं नाही. हिराबाई रोज शाळेवरून जाताना टोपली डोक्यावर तशीच ठेवून खिडकीतून विचारायच्या, "आला का?" मी मान हलवायचो. त्याही मान हलवून पुढे जायच्या. सर मात्र रोज संध्याकाळी तात्यांकडे जात राहिले. का जाता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ओळख सुरू केली की मधेच थांबवता येत नाही."

आठव्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या मोबाइलवर फोन आला. लेटरहेडवर माझाच नंबर होता, कारण शाळेचा फोन दोन पावसाळ्यांपूर्वी गेला तो गेलाच. बंगळुरूहून एक तरुण मुलगी बोलत होती. उमेदवारांची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीतून. दाखल्यावर सही करणाऱ्यांशी बोलायचं म्हणाली. मी धावत नववी ब वर गेलो. सरांना मोबाइल कानाला लावायची सवय नव्हती, ते तो शंखासारखा तोंडासमोर धरायचे, म्हणून स्पीकर सुरू केला.

नाव, हुद्दा झाल्यावर तिचा पहिला प्रश्न आला : या संस्थेचे प्रमुख तुम्ही कधीपासून आहात?

सरांनी तारीख सांगितली. वर "ॲट हाफ पास्ट इलेव्हन" हेही सांगितलं.

माझ्या डोळ्यांसमोर ड्रॉवरमधला कागद आला. मी त्यावर तारीख टाकली होती बुधवारची, सवयीने, जशी नेहमी टाकायचो तशी. आणि सही होती चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाची. तो कागद गेला असता तर हा फोन मीच घेतला असता, हा प्रश्न मलाच विचारला गेला असता, आणि कोणतंही उत्तर दिलं असतं तरी प्रणालीचं नाव खोटे कागद देणाऱ्यांत गेलं असतं. नोकरी तर गेलीच असती, पण तिकडचं कुठलंच दार पुन्हा उघडलं नसतं. माझं काय झालं असतं, तो विचार नंतर आला, हे मी स्वतःच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

"तुम्ही उमेदवाराला व्यक्तिशः ओळखता का?"

"येस."

"किती काळ?"

"इलेव्हन डेज. लिहिलं तेव्हा तीन होते."

पलीकडे थोडा वेळ टायपिंगचा आवाज. मग ती मुलगी जरा अडखळून म्हणाली, "सर, यात लिहिलंय की ती खोटं बोलते."

"येस. वन. डेली."

नववी ब चा अख्खा वर्ग श्वास रोखून ऐकत होता. सरांनी तात्या, पाय, काच, बोट, सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडून आवाज आला तो एकदम घरगुती हिंदीत : "सर, मेरी नानी भी ऐसे ही करती है. शुगर है. पट्टी करने नहीं देती." मग तिला आपण कामावर आहोत हे आठवलं असावं. "लास्ट क्वेश्चन सर. तुमच्या घरातलं माणूस आजारी असेल तर तुम्ही या उमेदवाराच्या हातात द्याल का?"

सर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, विचार करून सांगतो.

"ऑलरेडी दिलंय," ते म्हणाले. "गेल्या रविवारी मी तिला तळ्याला नेलं होतं. माझी आई."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मला सरांची आई आजारी आहे हेच माहीत नव्हतं.

फोन संपल्यावर मी ऑफिसात आलो, खालच्या ड्रॉवरमधला सगळा गठ्ठा बाहेर काढला आणि प्रयोगशाळेच्या मागे जाऊन जाळला. पाकिटासकट. शिपाई मामा धूर पाहून आले. "काय जाळताय, भाऊसाहेब?" मी म्हणालो, जुने कागद. ते म्हणाले, "चांगलं पेटतायत." खरोखरच चांगले पेटले. मी राख पायाने पसरली, आणि त्या रात्री पुष्कळ दिवसांनी गाढ झोपलो.

मंगळवारी प्रणालीच्या नेमणुकीचं पत्र आलं. हिराबाईंनी सरांना पेढे दिले आणि मला वर्तमानपत्रात बांधून सुके बोंबील. "तुमीबी धडपड केलीत," म्हणाल्या. लाज वाटते म्हणून बोंबील परत करावेत इतका मी थोर नाही. खाल्ले. उत्कृष्ट होते.

प्रणाली गेल्यावर तात्यांच्या ड्रेसिंगला उपकेंद्रातली सिस्टर यायची. सर शेजारी बसायचे. तात्या पाय आखडून त्यांना विचारायचे, "मास्तर, आजचं शेवटचं ना?" सर छत्रीच्या मुठीकडे बघत बसायचे. तात्या सिस्टरला म्हणाले, "ह्यो माणूस काय कामाचा न्हाय. ती पोर बरी व्हती." तरीही सर आले नाहीत तर तात्या निरोप पाठवायचे. जखम भरली, बोट राहिलं. ज्या दिवशी खरोखरच शेवटचं ड्रेसिंग होतं त्या दिवशी सरांनी स्वतःहून, मोठ्या आवाजात सांगितलं, "तात्या, आजचं शेवटचं!" तात्यांनी विश्वास ठेवला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात अध्यक्षांनी भाषणाची सुरुवात केली, "मी सरांना अत्यंत जवळून ओळखतो." स्टेजवर बसलेल्या सरांनी लगेच खिशातून वही काढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि भाषण दोन मिनिटांत आटोपलं. शाळेच्या इतिहासात इतका सुटसुटीत समारंभ दुसरा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चार्ज द्यायचा होता. मी यादी टाइप केली. सरांनी ती घेऊन शाळाभर फिरून एकेक वस्तू स्वतः पाहिली. बाकं, कपाटं, नकाशे, तराजू. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या बोटांची हाडंही तपासली. एक कमी होतं, तसं लिहिलं. संध्याकाळ होत आली तेव्हा ते माझ्या टेबलासमोर बसले. दुसऱ्यांदा.

यादीच्या शेवटी त्यांनी पेनने आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे फिरवला. लिहिलं होतं : 'भाऊसाहेबांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर. आधीच सही केलेले कोरे दाखले.' पुढची जागा मोकळी होती.

या माणसाला किती वर्षांपासून माहीत होतं?

"किती आहेत?" सरांनी विचारलं.

"एकही नाही, सर. सगळे जाळले. तो फोन आला होता त्या दिवशी."

त्यांनी मोकळ्या जागी 'निरंक' लिहिलं. मी ड्रॉवरच्या कडीला हात घातला. सकाळपासून सांगाड्याची बोटं मोजणारा माणूस ड्रॉवर उघडून बघणारच होता. "बघून घ्या सर."

"नको," सर म्हणाले, आणि खाली सही केली.

मग पेनाला टोपण लावलं, वही खिशात आहे ना ते चाचपलं, छत्री घेतली. सहाची एसटी पकडायची होती. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. काही बोलावं असं दोघांनाही वाटलं असावं, पण एसटी वेळेवर आली.

परत येऊन मी ऑफिस बंद करायला घेतलं. दिवे मालवले, कुलूप हातात घेतलं, आणि मग परत आत गेलो. खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. कोपऱ्यांतून हात फिरवला. धूळ होती, एक गंजलेली टाचणी होती. बाकी काही नव्हतं.

मी कुलूप लावून घरी गेलो.